भाऊसाहेबांनी पास केलेला निळा

ज्यांना चित्र काढायचं नसतं त्यांच्याकडे ब्रश फार उत्तम असतात. हे मी कुठे वाचलेलं नाही, गिरगावात राहून डोळ्यांनी बघितलंय. आमच्या जलरंग मंडळात मी बरीच वर्षं होते. त्या वर्षांत मंडळाने चित्रं किती काढली, हे विचारू नका. किस्से मात्र इतके साठले, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा 'आधी मी' म्हणून पुढे येतो. परवा भाचीने विचारलं, "मावशी, स्केचिंगला पॅलेट कुठलं घेऊ गं?" म्हटलं, "बस इथे. आधी ऐक, मग घे."

काळ संयुक्त महाराष्ट्राचा. खाली रस्त्यावर रोज सभा, मोर्चे, कधी लाठीमार, कधी कर्फ्यू. आणि वर भाऊसाहेब त्रिलोकेकरांच्या गॅलरीत आमचं मंडळ बसलेलं. चर्चा काय, तर सेबलचा ब्रश बरा की खारीच्या केसांचा!

भाऊसाहेब म्हणजे जुने मुंबईकर. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, विधुर, मुलगी मालतीजवळ राहणारे. स्वभावाने देवमाणूस. त्यांची एकच इच्छा होती. लहानपणी वडिलांचं बोट धरून वरळी कोळीवाड्यापाशी त्यांनी जो समुद्र पाहिला होता, तो एकदा कागदावर उतरवायचा. "तो निळा साधला की मी मरायला मोकळा," असं ते दर रविवारी म्हणायचे. पण मनासारखा निळा पॅलेटमध्ये आल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही, असाही त्यांचा हट्ट होता. म्हणजे समुद्र तिकडे, भाऊसाहेब इकडे, आणि मध्ये तो निळा अडलेला.

त्यातूनच मंडळाची रीत पडली. रविवारी सकाळी प्रत्येकाने आपलं पॅलेट उघडून गॅलरीतल्या बाकावर मांडायचं. भाऊसाहेब एकेक उचलणार, निरखणार आणि सांगणार, "पास," नाहीतर "नापास." नापास झालेल्याने त्या दिवशी ब्रश ओला करायचा नाही. बहुतेक सगळे नापास व्हायचे. मग कॉफी व्हायची, शंकरपाळे व्हायचे आणि कलावंत घरी जेवायला जायचे!

मी परळच्या मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आणि स्वतः फक्त पेन्सिलीने काढायचे. त्यामुळे परीक्षेतून सुटका होती, पण मतही नव्हतं. आमचे सबनीस पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मास्तरीणबाई, पेन्सिलवाल्यांनी रंगात बोलू नये. आणि बायकांनी रंग रांगोळीत भरावेत." मी शंकरपाळ्यांत बोलत राहिले.

*

हे सबनीस विमा कंपनीत होते. बायकोचा भाऊ बोटीवर कामाला, त्याच्याकडून त्यांनी विलायतेहून घडीचं पॅलेट मागवलं. पांढरं शुभ्र इनॅमल, रंगाच्या वड्यांना कप्पे आणि खाली अंगठा अडकवायला कडी. आयात बंद असलेल्या दिवसांत असली वस्तू म्हणजे काय विचारता! सबनीस ते अंगठ्यात घालून ठाकूरद्वारपासून चालत यायचे. पिशवीत ठेवलं तर लोकांना दिसणार कसं?

एका रविवारी आदल्या दिवशीच्या गडबडीमुळे नाक्यानाक्यावर पोलीस होते. रात्रीत कुणीतरी पोलीस चौकीच्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत घोषणा रंगवून ठेवली होती. हवालदाराने सबनिसांना अडवलं.

"काय आहे हातात?"

"पॅलेट," सबनीस म्हणाले.

"उघडा."

उघडलं. आत रंग! हवालदाराचा चेहरा बदलला. "मग ही भिंत तुम्हीच रंगवलीत."

सबनिसांची बोबडी वळली. मी निसर्गदृश्यं काढतो, मी विमा कंपनीत आहे, माझा कुठल्याही राज्याशी संबंध नाही, असं काहीबाही ते बोलायला लागले. हवालदाराने एकेका वडीवर बोट फिरवलं. बोट कोरडं. परत फिरवलं. परत कोरडं. त्याने पॅलेट मिटून त्यांच्या हातात दिलं.

"जा साहेब. तुम्ही भिंत नाही रंगवली. तुम्ही काहीच नाही रंगवलेलं!"

हे आम्हाला सबनिसांनीच सांगितलं. 'आपण कसे सुटलो' म्हणून सांगितलं, अभिमानाने.

*

करंदीकर आमच्यात लहान, बँकेत नुकताच चिकटलेला. त्याला ब्रशांचं वेड. दादरच्या दुकानात जाऊन तो ब्रश पाण्यात बुडवायचा, झटकायचा, टोक जमतंय का ते उजेडात बघायचा आणि शेवटी जिभेवर फिरवायचा. टोक जिभेवर कळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दुकानदार मग तो चाटलेला ब्रश परत डब्यात ठेवायचा. त्या दुकानातून मी आयुष्यात ब्रश घेतला नाही.

शेवटी एक ब्रश त्याने घेतला. घरी गॅलरीत बसून पुन्हा चाटत होता, तर आईने बघितलं. करंदीकरांच्या घरी सोवळंओवळं कडक.

"कशाचे केस रे ते?"

"सेबल."

"म्हणजे काय असतं?"

"म्हणजे... मुंगसासारखा एक प्राणी असतो. थंड देशातला."

माउली तशीच वळली. आत गेली, त्याचं ताट आणलं आणि गॅलरीत ठेवलं. महिनाभर तो तिथेच जेवला. आणि चाळीत कुणाकडे काही सळसळलं, उंदीर म्हणा, पाल म्हणा, की आई चारचौघांत हाक मारायची, "अरे, आमच्या मुंगसाला पाठवते हो!"

*

आता तुम्ही म्हणाल, ही श्रीमंती हौस झाली, साध्या साधनांनी काढणारे कुणी नव्हते का? होते ना. चित्रे होते. आडनाव चित्रे, त्यामुळे बिचाऱ्यांवर जबाबदारी मोठी. ते खादी वापरायचे आणि सगळ्यांच्या पॅलेटांकडे बघून सुस्कारे टाकायचे. "साधनांचा मोह वाईट. माझं पॅलेट म्हणजे नारळाची करवंटी, आणि ब्रश म्हणजे चावलेली काडी."

मला आधी बरं वाटलं, की चला, एक तरी माणूस कामाचा निघाला. पण कसचं काय! चित्र्यांची करवंटी ठरेना. एक फार खोल, एक उथळ, एकीला आतून काळं, एकीच्या कडा खरखरीत. बायको रोज नारळ फोडून कंटाळली. घरात वालाच्या बिरड्यात नारळ, पोह्यांत नारळ, शेवटी चहाबरोबरही खोबऱ्याच्या वड्या. करवंटी ठरली तेव्हा काडीचा प्रश्न निघाला. बाभळीची की कडुनिंबाची? तीन-चार रविवार ते गॅलरीत बसून काड्या चावत होते. चावायचे, बघायचे, मान हलवायचे, टाकायचे.

सबनिसांचं पॅलेट विलायती आणि चित्र्यांचं झाडावरचं, एवढाच काय तो फरक. ढोंग दोन्हींत सारखंच. पण एक सांगते, चित्र्यांचे दात मात्र काय पांढरेशुभ्र झाले होते म्हणून सांगू!

*

एकदा वाडीतले कार्यकर्ते वर आले. संध्याकाळी मोर्चा निघायचा होता आणि त्यांना कापडी फलक हवा होता. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' एवढंच लिहायचं. त्यांचा पुढारी बंडू सावंत म्हणून लालबागचा गडी होता. हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही येवढे आर्टिस्ट लोक. आमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जरा लिवून द्या."

मंडळ एकदम जागं झालं. महाराष्ट्राने हाक मारली होती! कापड पसरलं. सबनीस म्हणाले, सपाट ब्रश हवा. करंदीकर म्हणाला, गोल ब्रशाने अक्षराला वळण येतं. चित्रे म्हणाले, काडी. मग लाल रंगाचा वाद निघाला. एकाला शेंदरी छटा हवी, एकाला रक्तासारखी. भाऊसाहेबांनी पॅलेटं मागवली, पास-नापास सुरू झालं. मी म्हटलं, "अहो, मी लिहिते, द्या इकडे." सबनीस म्हणाले, "मास्तरीणबाई, हा रंगाचा प्रश्न आहे."

बंडू थोडा वेळ थांबला. मग त्याने गुपचूप कापड गुंडाळलं आणि गेला.

तासाभराने खालून आरोळ्या आल्या. आम्ही गॅलरीत धावलो. सगळ्यांत पुढे तो फलक. चुना फासायच्या कुंच्याने गेरूत लिहिलेली हातभर अक्षरं, ओघळ आलेली, पण पार चर्नी रोडवरून वाचता येतील अशी. माणसं मुठी उगारून जात होती. माझ्या अंगावर काटा आला. कुणाला काय होईल, कोण परत येईल, काही सांगता येत नव्हतं त्या दिवसांत.

मोर्चा पूर्ण जाईपर्यंत आमचे कलावंत फलक निरखत होते. मग सबनिसांनी मत दिलं.

"कुंचा चुकला त्यांचा."

*

आता निळ्याकडे येते. भाऊसाहेब सगळे रंग कधी ना कधी पास करायचे, निळा कधीच नाही. अल्ट्रामरीन आणा, कोबाल्ट आणा, ते पॅलेट नाकाजवळ नेऊन म्हणायचे, "मळका आहे. पिवळट मारतोय."

मी बघायचे तर चांगला स्वच्छ निळा! पण मंडळ काय म्हणायचं?

"पिवळट तर आहेच," सबनीस.

"आयात बंद झाल्यापासून भेसळ फार," करंदीकर.

"मला तर चक्क पिवळाच दिसतोय," चित्रे. निळ्याला पिवळा म्हणताना ह्या माणसाची पापणी लवली नाही!

एकदा आम्ही सगळे वरळी कोळीवाड्याला गेलो. मासे वाळत घातलेले, होड्या ओढून ठेवलेल्या आणि समोर उन्हात झगझगीत समुद्र. भाऊसाहेब बराच वेळ बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "समुद्रही पूर्वीचा राहिला नाही हो. मळका झाला."

"गिरण्यांचं पाणी!" सबनिसांनी तिथल्या तिथे कारण पुरवलं. समुद्र नापास करून मंडळ परत आलं. वाटेत भाऊसाहेब सारखे मागे पडत होते. त्यांचं मन मोडलं होतं, आणि बाकीचे माना डोलावत चालले होते. मला संताप आला तो त्या मानांचा.

पुढच्या रविवारी सबनिसांनी पॅलेट मांडलं. भाऊसाहेबांनी उचललं आणि त्यांचा चेहराच उजळला. "अरे! हा निळा! सबनीस, कुठून आणलात? पास! पास!"

सबनीस नुसते गूढ हसले. मी वाकून बघितलं. बघवेना, इतका भडक. वास घेतला तेव्हा कळलं. धोतरांना घालायची नीळ! डिंकात कालवून वडीच्या जागी भरली होती.

झालं. पुढच्या आठवड्यात मंडळातल्या एकूण एक पॅलेटात नीळ. कोपऱ्यावरच्या वाण्याकडची नीळ संपली आणि आख्खी वाडी पिवळ्या धोतरांत फिरायला लागली. आणि मंडळी धडाधड चित्रं काढायला लागली, कारण आता पास होण्याची हमी होती. निळे समुद्र, निळी आभाळं, निळ्या होड्या. एकाने तर गाय निळी काढली. सावली म्हणाला!

वाडीतल्या गणपतीच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. भाऊसाहेबांचं चित्र त्यात नव्हतं. "माझा समुद्र मी वरळीला बसूनच काढणार," म्हणाले. बघायला आलेल्या एका आजोबांनी दारातूनच डोळ्यांवर हात धरला. मग मला विचारलं, "हे सगळं एकाच माणसाने काढलंय का हो?"

म्हटलं, "काढलंय वेगवेगळ्यांनी. पास एकाने केलंय."

*

प्रदर्शन उतरल्यावरच्या रविवारची गोष्ट. मी वरळीच्या होड्यांचं एक स्केच केलं होतं, पेन्सिलीचं, जरा हलक्या हाताचं. भाऊसाहेबांना दाखवलं. त्यांनी कागद जवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे वळवला. आणि हसून म्हणाले, "वत्सलाबाई, चुकून कोरा कागद दिलात."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

सबनिसांनी कागद घेतला. त्यावर तीन होड्या होत्या, डोलकाठ्या होत्या, जाळं विणत बसलेला एक कोळी होता. सबनिसांनी तो नीट बघितला. "खरंच की. कोराच आहे."

"अगदी कोरा," चित्रे म्हणाले.

करंदीकराने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भाऊसाहेबांकडे. "कोरा म्हणजे... तसा कोराच."

आधी मला राग आला. मग त्यांनी तो कागद उजेडाकडे कसा वळवला होता, ते आठवलं. मी उठून आत स्वयंपाकघरात मालतीकडे गेले. म्हटलं, "मालती, वडलांचे डोळे कुणाला दाखवलेस का गं?"

ती कणिक मळता मळता थांबली. "बाबा किती दिवसांत पेपर वाचत नाहीत, वत्सलाताई. म्हणतात, हल्ली बातम्या वाईट असतात."

बाहेर मंडळ माझ्या कोऱ्या कागदावर कुठला रंग चांगला दिसेल याची चर्चा करत होतं.

*

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. परळच्या इस्पितळात भाऊसाहेबांचं ऑपरेशन झालं. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. डोळ्यांवर पट्टी, डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या आणि हलायचं नाही. मालती एकटीच धावपळ करत होती. मी शाळा सुटली की जायचे. मोठे डॉक्टर राऊंडला आले की भाऊसाहेब एकच विचारायचे, "समुद्राचं चित्र काढता येईल ना?" डॉक्टर म्हणायचे, "आधी पट्टी तर निघू दे." मला मेलीला रडू यायचं. पट्टीखालून त्यांना ते दिसत नव्हतं, तेवढं बरं.

पट्टी निघून जाड भिंगांचा चष्मा लागला, त्या दिवशी मंडळ भेटायला आलं. मोसंबी आणली होती. आणि सबनिसांनी आपलं प्रदर्शनातलं चित्र फ्रेम करून आणलं होतं, 'वरळीचा समुद्र', संपूर्ण नीळ. त्यांनी ते खाटेच्या पायथ्याशी लावलं आणि बाजूला झाले.

भाऊसाहेबांनी आधी ते बघितलंच नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर गिरणीची चिमणी होती आणि तिच्यामागे थंडीतलं निळं आभाळ होतं. बघता बघता त्यांच्या चष्म्याखालून पाणी ओघळलं.

"वत्सलाबाई," ते म्हणाले, "हे असंच होतं? इतकी वर्षं?"

"असंच होतं, भाऊसाहेब."

मग त्यांनी मान वळवली. समोर सबनिसांचं चित्र. ते त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्यांनी सबनिसांकडे बघितलं, चित्र्यांकडे बघितलं, करंदीकराकडे बघितलं, एकेकाकडे सावकाश, पॅलेट निरखायचे तसं.

"सबनीस, हा तो निळा?"

"तुम्हीच पास केलेला, भाऊसाहेब."

"आणि बाजारातला पिवळट होता, तो तुम्हालाही दिसत होता."

"हो तर!"

"चित्रे, तुम्हाला?"

"अगदी पिवळा."

"करंदीकर, तो कागद कोरा होता?"

करंदीकर मोसंब्यांकडे बघत म्हणाला, "तसा... कोराच."

तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. भाऊसाहेबांनी दोन्ही हात जोडले. इतके कळवळून की डॉक्टर चपापलेच.

"डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार झाले. मला आता वरळीला जायचंय, समुद्र काढायला. पण एकटा कसा जाऊ? आधी ह्या सगळ्यांना दाखल करून घ्या. बिचाऱ्यांना माझ्यापेक्षा कमी दिसतंय, आणि एकानेही मला कधी सांगितलं नाही!"

डॉक्टरांनी खिशातली बॅटरी काढली आणि सबनिसांना म्हणाले, "या, बसा इकडे. वर बघा."

सबनिसांनी वर बघितलं.